धाकट्याला दंड नाही, मग आठवडाभर नाही तर दोन आठवडे आधीच निघावं का?

नमस्कार ताई, तुमचा मेल दोनदा वाचला. थोडक्यात असं की तुम्ही इंग्लंडमधल्या स्लाऊमध्ये, थोरली 8 वर्षांची, धाकटा पावणेपाचचा, रिसेप्शनमध्ये (तिथल्या शाळेच्या पहिल्या वर्गात) आहे आणि फेब्रुवारीत 5 पूर्ण करेल. दिराचं लग्न पुण्यात 28 डिसेंबरला (धनुर्मासात, सासूबाईंना पटलेलं नाही पण एनआरआय पाहुण्यांच्या सुट्ट्या बघून तारीख काढलीय). शाळा सुटल्यावर 20 तारखेला निघालं तर माणशी 1,080 पौंड, 6 तारखेला निघालं तर 680. चौघांचे मिळून 1,600 पौंडांचा फरक, आणि शाळा बुडवल्याचा दंड फार तर 160, मग सरळ दंड भरूनच जावं का, असा प्रश्न आहे.

आधी दंडाचं नीट सांगतो, कारण तुमच्या एडिंबरातल्या मावसभावाने "दंडबिंड काही नसतो" म्हटलंय ते त्याच्यापुरतं खरं आहे, स्कॉटलंडमध्ये नसतोच. इंग्लंडमध्ये आहे, आणि ऑगस्ट 2024 पासून सगळीकडे एकच नियम आहे. 10 शालेय आठवड्यांत 10 सेशन विनापरवानगी बुडाली की शाळेने दंडाचा विचार करायचाच. सेशन म्हणजे अर्धा दिवस, म्हणजे 5 दिवसांतच गणित भरतं. दंड 21 दिवसांत भरला तर 80, त्यानंतर 28 व्या दिवसापर्यंत 160, आणि हा एका मुलामागे एका पालकाला, म्हणून तुम्हा दोघांचे 160.

धाकट्याच्या बाबतीत तुमचं बरोबर आहे. तो रोज युनिफॉर्म घालून जातो, हजेरी लागते, गैरहजर राहिला तर शाळेचा फोनही येईल, पण कायद्याने त्याचं सक्तीचं शालेय वय अजून सुरू झालेलं नाही. 5 पूर्ण झाल्यावर 31 ऑगस्ट, 31 डिसेंबर आणि 31 मार्च यातली जी तारीख पुढे येते तिथून ते सुरू होतं, तुमच्या लेकाचं 31 मार्चला. त्यामुळे या डिसेंबरात त्याच्यासाठी पेनल्टी नोटीस निघू शकत नाही. (पुढच्या डिसेंबरात ही सवलत संपलेली असेल, म्हणून नणंदेच्या लग्नाला हाच हिशोब धरू नका!)

आणि नणंदेचा विषय तुम्हीच काढलाय म्हणून सांगतो, दंडाकडे तिकिटावरचा टॅक्स म्हणून बघू नका. त्याच मुलासाठी त्याच पालकाला 3 वर्षांत दुसऱ्यांदा नोटीस आली तर थेट 160, तिथे 80 ची सोय नाही, आणि तिसऱ्यांदा दंड नाहीच, मामला कोर्टापर्यंत जाऊ शकतो, तिथे 2,500 पौंडांपर्यंत. समजा आता दंड घेतला आणि 2 वर्षांनी नणंदेच्या लग्नाला असंच केलं, तर थोरलीचे तुम्हा दोघांना 320 आणि तोवर मोठ्या झालेल्या धाकट्याचे 160, एकूण 480. आता दंड घेतला नाही तर तेव्हा 320 च. म्हणजे आजच्या 160 च्या मागे अजून 160 उभे आहेत. 1,600 ची बचत खरी 1,280 वर आली.

तुम्ही आयएलआरची (यूकेत कायम राहण्याच्या परवानगीची) भीती लिहिलीय. वेळेत भरलेला दंड म्हणजे गुन्ह्याची शिक्षा नाही, विषय तिथेच मिटतो. पण नोटीस ड्रॉवरमध्ये ठेवून इंडियाला गेलात आणि मुदत उलटली तर प्रकरण कोर्टात जाऊ शकतं, आणि तिथली शिक्षा मग पुढे फॉर्ममध्ये लिहावी लागते. तुमच्यासाठी खरी महाग गोष्ट ती आहे.

आता तुम्ही मेलच्या शेवटी सहज लिहून टाकलेला आकडा, मंगळवारी 16 तारखेच्या रात्रीचं विमान, माणशी 790. थोरलीचे बुध-गुरु-शुक्र बुडतील, 6 सेशन. चौघंही त्याच विमानाने गेलात तर 3,160, म्हणजे 1,160 वाचले. तुम्ही धाकट्याला घेऊन 6 ला पुढे गेलात आणि बाप-लेक 16 ला आले तर 2,940, म्हणजे 1,380 वाचले. दंड भरून सगळे 6 ला गेलात तर हातात 1,440, जेमतेम 60 जास्त, आणि त्यासाठी थोरलीचे 10 दिवस बुडवायचे! मी तरी नाही बुडवणार.

पण आता गंमत बघा, धाकट्याला दंड नाही या सगळ्या सवलतीची किंमत निघाली किती, तर 220 पौंड, दोन सीटांवरचा फरक. तुम्हाला त्यासाठी जवळपास दीड आठवडा जास्त रजा लागणार, आणि ती अनपेड असेल तर 220 तीन-चार दिवसांतच संपतात, शिवाय आफ्टर-स्कूल क्लबची फी आधीच भरली असेल तर ती बहुतेक बुडालीच. रजा पेड असेल आणि सासूबाईंना हाताखाली माणूस हवं असेल तर जरूर जा पुढे, नाहीतर चौघं 16 ला.

एक मात्र, 10 सेशनच्या आत म्हणजे परवानगी असं नाही. कोणी मुद्दाम मोजून-मापून खाडे करतंय असं वाटलं तर कौन्सिल (स्थानिक पालिका) त्याआधीही नोटीस काढू शकते. म्हणून हेडटीचरना आधी लेखी विचारा, सख्ख्या काकाचं लग्न आहे, काही शाळा एखाद-दोन दिवस देतात, काही अजिबात देत नाहीत. आजारी आहे असं कळवायचा विचार सोडून द्या, थोरली जानेवारीत वर्गात मेंदी दाखवणार आहेच. आणि ऑक्टोबरात दिवाळीला तिची एक दांडी झालीय ना, ती शाळेने धार्मिक सण म्हणून मंजूर केली असेल तर मोजली जात नाही, नसेल तर ती 2 सेशन धरून तुमची 8 होतात आणि मग एखादा दिवस ताप आला तरी रीतसर कळवून ठेवा.

तेव्हा शाळेच्या ऑफिसमधून हजेरीचा आकडा काढून घ्या, तोवर 790 चा भाव रोज बघत राहा. तुमची रजा पेड की अनपेड एवढं कळवा, म्हणजे 6 की 16 ते पक्कं सांगतो.