अनधिकृत सोन्याच्या खाणीत मजूर उघड्या हातांनी पारा मळतात असा व्हिडिओ पाहिला. त्यांना काहीच कसं होत नाही?

होतं. फक्त ते व्हिडिओत दिसत नाही. मी सांगली जिल्ह्यातल्या विट्याकडचा, घरचा धंदा गलाईचा, म्हणजे सोनं-चांदी वितळवून शुद्ध करण्याचा. खाणीत कधी उतरलो नाही, पण सोनं वितळवताना काय काय उडतं हे रोज बघतो.

हातावरचा पातळ पारा कातडीतून फारसा आत शिरत नाही. चुकून पोटात गेला तरी बहुतेक सगळा तसाच बाहेर पडतो. घात होतो पुढच्या पायरीला. दळलेल्या दगडात पाणी आणि पारा घालून घोळवतात, पारा सोन्याचे कण धरून ठेवतो. मग तो फडक्यातून पिळला की जादा पारा गळून जातो आणि हातात राखाडी गोळा उरतो. त्यातही जवळजवळ निम्मा पाराच असतो. तो उडवायला गोळ्याला उघड्यावर जाळ देतात, कधी घरातल्या चुलीवरच, पोरंबाळं शेजारी असताना. ही वाफ छातीत गेली की त्यातला ८० टक्क्यांच्या आसपास पारा रक्तात उतरतो.

आमच्याकडे सोनं शुद्ध करताना नायट्रिक ॲसिडचा तांबूस धूर निघतो. नाकात गेला की माणूस खोकत बाहेर पळतो. पाऱ्याच्या वाफेला ना रंग, ना वास, त्यामुळे पळणार कोण? पुढे हात थरथरू लागतात, झोप उडते, विसरायला होतं, चिडचिड वाढते, किडन्या बिघडतात. तोवर बराच काळ गेलेला असतो.

मला सगळ्यात जवळचं वाटतं ते कोलंबियातल्या सेगोव्हियाचं उदाहरण. खाणीतलं सोनं खरेदी करणारी दुकानं तिथे भर गावात होती. आलेल्या सोन्यात थोडा पारा राहिलेला असतोच. दुकानदार ते पुन्हा तापवायचा आणि वाफ थेट गल्लीत. म्हणजे खाणीचं तोंडही न पाहिलेला गलाईवाला (हो, आमच्यासारखाच) आणि समोरून शाळेत जाणारं पोर, दोघंही त्याच हवेत. कोलंबियाने २०१८ पासून खाणकामात पाऱ्यावर बंदी घातली आहे.

नदीत गेलेला पारा तर वेगळंच रूप घेतो. गाळातले जिवाणू त्याचं मिथाइल पारा करतात, तो माशांत साठतो, आणि मासे खाणाऱ्या गरोदर बाईकडून पोटातल्या बाळाच्या मेंदूपर्यंत पोचतो. पेरूच्या माद्रे दे दिओस भागात यामुळेच २०१६ साली आणीबाणी जाहीर करावी लागली.

आणि दर वेळी पाराच दोषी असतो असंही नाही. नायजेरियातल्या झामफारात २०१० मध्ये ४०० हून जास्त मुलं दगावली ती शिशाने. तिथल्या सोन्याच्या दगडातच शिसं होतं आणि लोक तो दगड पिठाच्या गिरणीत, घरच्या अंगणात दळत होते.

वाफ पकडून पारा परत थंड करणारं बंद भांडं मिळतं, ते महागही नसतं. फिलिपिन्सच्या बेंगेटमधले खाणकामगार तर कित्येक वर्षं पाऱ्याऐवजी टाकणखार (बोरॅक्स) वापरतात, तोच जो आमच्या मुशीत, सोनं वितळवायच्या भांड्यात, रोज पडतो. पण त्याआधी माल पाण्यात धुऊन धुऊन जड भाग नीट वेगळा काढावा लागतो, त्याला सवय आणि वेळ लागतो. पारा घातला की मजुराच्या हातात त्याच संध्याकाळी पैसे येतात, आणि बंदी असलेल्या देशांतही तो चोरून विकत मिळतो.