क्लासचं नाव विचारलंत, पण पोरीचं मत कुठाय?

नमस्कार. सांगली जिल्ह्यातून तुमचं पत्र मिळालं. मुलगी एमएस्सी फिजिक्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे, प्रोजेक्ट निकेल-क्रोमियमच्या थिन फिल्मवर चाललाय, आणि तुमचं म्हणणं की हे "पातळ पत्र्याचं खूळ" सोडून तिनं पुण्यात एमपीएससीचा क्लास लावावा, तर कुठला चांगला ते सांगा.

नाही सांगणार. दहावीपासूनचे टक्के तुम्ही दशांशासकट दिलेत, "आम्ही ठरवलंय" चार वेळा लिहिलंय, आणि तिचं स्वतःचं एकच वाक्य, "लॅबमध्ये बरं वाटतं म्हणते", तेही कंसात. मला मार्कांचं काही वाटलं नाही, त्या कंसाचं वाटलं. पाहुणे विचारतात मुलगी काय करते आणि तुम्हाला नीट सांगता येत नाही, हेही लिहिलंत. अहो, ही अडचण तुमची आहे, तिची नाही, त्यासाठी तिनं एमएस्सी अर्धवट का सोडायची?

पाहुण्यांना काय सांगायचं ते मी सांगतो. हा लाटून पातळ केलेला पत्रा नव्हे. व्हॅक्यूममध्ये धातूची वाफ करून काचेवर थर बसवतात, केसाच्या जाडीत असे हजारभर थर मावतील. आणि धातू तोच असला तरी वागणं तेच राहत नाही. तांब्यात इलेक्ट्रॉन दोन धडकांमध्ये साधारण 40 नॅनोमीटर जातो, आता थरच तेवढा असला तर तो वरच्या-खालच्या पृष्ठभागावर नि बारीक कणांच्या सीमांवर आपटत बसतो, रेझिस्टिव्हिटी, म्हणजे विजेला अडवायचा धातूचा गुण, वाढते. मिश्रधातूत आणखी भानगड: 80-20 निक्रोम (80 टक्के निकेल, 20 टक्के क्रोमियम) तापवलं की क्रोमियम आधी उडतं, त्यामुळे काचेवर 80-20 बसेलच असं नाही. नंतर ॲनीलिंग केलं, म्हणजे फिल्म तापवून सावकाश थंड केली, की आतली रचना बदलते, रेझिस्टन्स पुन्हा हलतो. सर्किटमधल्या मेटल फिल्म रेझिस्टरमध्ये बऱ्याचदा हेच निक्रोम असतं.

नेट, गेट, जेस्ट या पीएचडीच्या वाटेवरच्या परीक्षा तिला माहीत असतीलच. जेआरएफ, म्हणजे संशोधनाची फेलोशिप, मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना 37,000, पण पीएचडी पाच-सहा वर्षं खाते आणि पुढे पर्मनंट नोकरीची गॅरंटी नाही. एमपीएससीला तरी कुठाय?

"बरं वाटतं" एवढ्यावर पीएचडी करू नये हेही खरं. मी एमएस्सीला ॲल्युमिनियमच्या फिल्म केल्या होत्या, एकदा फिल्म नीट बसलीय का बघायला चिकटपट्टी लावून ओढली तर अख्खी फिल्म पट्टीवर आणि काच लख्ख, आधी काच धुताना कुठंतरी बोट लागलं असणार. माझा पार्टनर शिव्या देत लगेच दुसरी स्लाइड घासायला बसला, मी कँटीनला गेलो. तो आजही लॅबमध्ये आहे, मी इथं पत्रांना उत्तरं देतोय.

तर आता पुढचं पत्र तिला लिहू द्या, आणि पाठवायच्या आधी तुम्ही वाचू नका. फिल्म सुटली तेव्हा तिनं काय केलं, एवढंच तिनं कळवावं.