कथा दोन-तीन पानांनंतर अडते. दिवाळी अंकाला पाठवण्याआधी काय करू?

तुम्ही एकात तीन प्रश्न विचारलेत. सुचलेली कथा दोन-तीन पानांवर का अडते, दिवाळी अंकवाले नव्या माणसाची कथा घेतात का, आणि पुस्तकासाठी पैसे मागणाऱ्या प्रकाशकाला होकार द्यावा का. शिवाय शेवटी एक वाक्य जोडलंय: ‘आतून आलेल्या लिखाणाला हात लावू नये, असं आमच्या गटातले ज्येष्ठ सांगतात.’ ते वाक्य वाचलं नसतं तर मी उत्तर लिहायला बसलो नसतो. त्या ज्येष्ठांकडे नंतर येतो.

आधी अडण्याबद्दल. दोन पानांवर थांबलेली कथा बहुतेक वेळा तोवर सुरूच झालेली नसते. तुम्ही ज्याला कथाबीज म्हणता ती नुसती परिस्थिती असते, आणि परिस्थितीला कसलीही घाई नसते. घाई माणसाला असते. म्हणून पहिलं वाक्य लिहिण्याआधी कागदावर चार ओळी लिहा. या माणसाला आज काय हवंय? ते कधीपर्यंत हवंय? आड कोण येतंय? आणि आड येणाऱ्याला ‘नाही’ म्हणायला कोणतं रास्त कारण आहे? पहिल्या तीन ओळी सगळे लिहितात. चौथी कोणी लिहीत नाही, आणि कथा नेमकी तिथेच बसकण मारते.

एक नमुना घेऊ. बहिणीकडून जमिनीचं हक्कसोडपत्र, म्हणजे तिने आपला वाटा सोडल्याचा कागद, करून घेणं हा विषय नव्या लेखकांकडे सारखा येतो आणि जवळपास दर वेळी एकाच तऱ्हेने फसतो. बहीण शालन, भाऊ दादा, गाव साताऱ्याकडचं, वडील वारलेले. नेहमीचा मसुदा असा: पहिलं पान तांबडं फुटण्यात आणि एसटीच्या खिडकीत जातं. दुसऱ्या पानावर बालपण, म्हणजे बोरं, विहीर आणि वडिलांचा खांदा. तिसऱ्यावर माहेरचं दार आणि वहिनीचा कोरडा चेहरा. इथे लेखक अडतो, कारण दादा लोभी, वहिनी कजाग आणि शालन गरीब गाय हे सगळं आधीच ठरून गेलेलं आहे. त्यांना एकमेकांशी बोलण्यासारखं काही उरलेलंच नाही. मग कशीबशी सही होते, शालन वडिलांच्या फोटोकडे बघते आणि दोन थेंब ओघळतात. संपली कथा. वाचणाऱ्याला हे सगळं एसटीत असतानाच कळलेलं असतं.

आता दादाला कारण द्या. पोराच्या शिक्षणासाठी जमिनीवर कर्ज काढायचंय, फी भरायची मुदत शुक्रवारपर्यंत आहे आणि उताऱ्यावर सगळ्या वारसांची नावं असताना बँक पुढे सरकत नाही. शालनलाही कारण द्या. नवऱ्याने निघताना बजावलंय की सही करून आलीस तर बघ. सही नाही केली तर पुढची भाऊबीज तिला तिच्याच घरी बसून काढावी लागेल, हेही तिला कळतं. आता दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत. एक बरोबर आणि एक चूक अशी माणसं समोरासमोर आणली की भाषण तयार होतं. दोन बरोबर माणसं आणली की कथा चालू लागते.

सुरुवात थेट दुय्यम निबंधक कार्यालयात करा. ‘आधार आणलंस ना?’ दादाने तिसऱ्यांदा विचारलं. एवढ्या ओळीत जागेचा अंदाज आला, दादाची धाकधूक आली, बहीण मागे फिरेल ही त्याची भीती ‘तिसऱ्यांदा’ या शब्दात आली. तांबडं गेलं, बोरं गेली, पानं कमी झाली. मग सर्व्हर बंद पडू द्या. तिथे हे इतकं नेहमीचं आहे की कुणी शंका घेणार नाही. टोकन हातात आहे, गावाहून आणलेले दोघं साक्षीदार वडापावच्या गाडीकडे सरकलेत, त्यांचा खर्च दादाच्या खिशातून होतोय, आणि भावाबहिणीला बाकावर शेजारी शेजारी बसून तास काढायचाय. कथा त्या तासाची आहे. माणसांना एका जागी अडकवून ठेवणारं साधं, पटणारं कारण शोधता आलं की मधली पानं आपोआप भरतात. लांबलेला मुहूर्त, गेलेली वीज, मयताला मुंबईहून येणाऱ्या मुलासाठी थांबणं, यांतलं काहीही चालतं.

कायदा तुम्हाला नीट माहीत हवा. १९५६ चा हिंदू वारसा कायदा काय सांगतो, २००५ च्या दुरुस्तीने मुलीच्या हक्कात काय बदललं, हक्कसोडपत्राची नोंदणी झाल्यावर फेरफार कसा पडतो, म्हणजे उताऱ्यावरची नावं कशी बदलतात, हे सगळं वाचून घ्या. पण कथेत त्याचा परिच्छेद घातलात तर वाचक पान उलटेल. दादाच्या तोंडी ‘तुझं नाव लागलंय ना उताऱ्याला, म्हणून’ एवढं पुरे. आणि तो ‘तलाठी’च म्हणेल. सरकारने त्या पदाचं नाव ‘ग्राम महसूल अधिकारी’ केलंय, पण बाकावर बसलेलं कुणी तसं बोलत नाही.

शेवटी रडारड नको आणि धक्काही नको. शेवटच्या ओळीत शालन कागद फाडते, हा धक्का मासिकांनी शंभरदा छापून झालाय. नोंदणीला फोटो आणि अंगठ्याचा ठसा घेतात. कष्ट करणाऱ्या बाईचा अंगठा यंत्रावर पटकन उमटत नाही. ऑपरेटर म्हणतो, ‘पुसून लावा परत.’ दादा खिशातून रुमाल काढून तिच्यापुढे धरतो. इथे थांबा. ठसा उमटला की नाही हे सांगायची गरज नाही. तो रुमाल तिने घेतला तर काय आणि नाही घेतला तर काय, हे वाचकाला आता तुमच्याइतकंच कळतं.

मापं सांगतो. पहिली कथा २५०० ते ४००० शब्दांत बसवा. ३००० ची असेल तर चार प्रसंग, प्रत्येकी सातआठशे शब्दांचे. पहिल्या अर्ध्या भागात मागच्या आठवणी दोन वाक्यांहून लांब नकोत. कथा शालनच्या नजरेने चाललीय तर ‘दादाच्या मनात आलं’ हे वाक्य चालणार नाही. शालनला दिसेल ते लिहा: त्याने टोकनची घडी केली, उलगडली, पुन्हा केली.

भाषेतली खोड वेगळीच. मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे ‘बसली होती. बघत होती. वारा सुटला होता.’ असा ताल नकळत लागतो आणि पान ठोकळ्यासारखं होतं. एका पानावरचे सगळे ‘होता-होती-होते’ पेन्सिलीने गोल करा, निम्मे काढा. ‘आला होता’च्या जागी बहुतेकदा ‘आला’ पुरतं. ‘तो-ती-त्याने-तिने’ही निम्मे जातात, कारण कोण आलं ते ‘आली’मध्येच कळतं. ‘जणू’, ‘क्षणभर’, ‘एक प्रकारची’, ‘नकळत’ हे शब्द शोधून काढा. ‘तो उद्गारला’, ‘ती चीत्कारली’ असलं काही नको. ‘म्हणाला’ वाचकाच्या नजरेला अडत नाही, तेच त्याचं काम.

बोलीबद्दल एकच सांगतो. ‘ण’चा ‘न’ केला म्हणजे बोली होत नाही. साताऱ्याकडचा माणूस ‘मला जायाचंय’ म्हणेल, वऱ्हाडातला ‘मले जायचं हाय’, मालवणातला ‘माका जावचा आसा’. फरक वाक्याच्या घडणीत आणि लकबीत आहे. जी बोली कानात नाही ती लिहू नका. जी आहे ती पहिल्या पानापासून शेवटपर्यंत एकसारखी ठेवा. निवेदन प्रमाण भाषेत असेल तर साहित्य महामंडळाचे १९६२ चे चौदा आणि १९७२ चे चार, असे शुद्धलेखनाचे अठरा नियम एकदा बसून वाचून काढा. ‘आणी’ असं लिहिलेली कथा संपादक वाचतो, पण कपाळाला आठी घालून वाचतो.

आता तुमचे ज्येष्ठ. ‘आतून आलं ते तसंच ठेवावं’ हे मराठीत वर्षानुवर्षं सांगितलं जातंय आणि यामुळे जितक्या चांगल्या कथा वाया गेल्या असतील तितक्या वाईट संपादकांमुळेही गेल्या नसतील, असं माझं ठाम मत आहे. जे आतून येतं तो कच्चा माल. दळणाआधी धान्य निवडावंच लागतं. हे सांगणाऱ्यांना मी दर वेळी एकच विचारतो: मराठी नवकथेची जी नावं तुम्ही घेता, ती ज्या ‘सत्यकथा’ मासिकात गाजली तिथे काय चालायचं? श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन हे तिथले संपादक लेखकांना लांबलचक पत्रं लिहायचे. शेवट सैल आहे, मधला प्रसंग पटत नाही, पुन्हा लिहून पाठवा. लेखक पुन्हा लिहायचे. त्या कथांचा ताजेपणा त्याने गेला नाही. उत्स्फूर्त वाटणारं वाक्य तिसऱ्या-चौथ्या खर्ड्यात सापडतं, कारण पहिल्या खर्ड्यात येतात ती कुठेतरी वाचलेली वाक्यं. तांबडं फुटणं तुमच्या आतून आलेलं नाही. ते पाठ्यपुस्तकातून आलंय.

म्हणून कथा पुरी झाली की पंधरा दिवस बाजूला ठेवा. मग मोठ्याने वाचा, शक्यतो छापून. जिथे श्वास पुरत नाही तिथे वाक्य तोडा, जिथे स्वतःलाच कंटाळा येतो ते सरळ काढा. पहिला अन् शेवटचा परिच्छेद झाकून पाहा. कथा तरीही कळत असेल तर दोन्ही उडवा. ३६०० शब्दांची कथा ३००० वर आली की बहुधा तब्येतीत येते. आणि गटात वाचून दाखवायची तर ‘आवडली का’ विचारू नका. ‘लक्ष कुठे उडालं’ विचारा. ज्येष्ठांनाही हेच विचारा, गंमत येईल.

अर्थात, सगळंच संपादकावर सोपवू नये हेही खरं. १९८२ मध्ये बंद पडलेल्या त्याच ‘सत्यकथे’वर एका विशिष्ट अभिरुचीचा साचा लादल्याचा आरोप झाला, आणि अनियतकालिकांच्या, म्हणजे स्वतःच काढलेल्या छोट्या, अनियमित अंकांच्या चळवळीतले तरुण त्याच रागातून लिहू लागले. त्या रागात तथ्य होतं. दलित आणि ग्रामीण लेखकांच्या भाषेवर ‘सुधारणा’ सुचवणारे लोक मला अजून भेटतात, त्यांचं ऐकू नका. पण अनियतकालिकवालेही पुन्हा पुन्हा लिहायचे, हे तुमच्या ज्येष्ठांना सांगा. आणि वरची मापं पहिल्या पाच-सहा कथांसाठी आहेत. हात बसला की मोडा.

राहिलं दिवाळी अंकाचं. नव्यांच्या कथा घेतात. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्रांच्या ‘मनोरंजन’ने ही प्रथा पाडली तेव्हापासून दर वर्षी संपादकाला पानं भरायची असतात आणि नामवंत मंडळी साहित्य उशिरा देतात. एप्रिल ते जून या काळात पाठवा. गणपतीपर्यंत बहुतेक अंकांची जुळणी उरकत आलेली असते, तेव्हा आलेली कथा कितीही चांगली असली तरी पुढच्या वर्षावर जाते. युनिकोडमध्ये टाईप करा आणि वर्डची फाईल पाठवा. नुसती पीडीएफ नको, कारण त्यातून मजकूर उचलला की काना-मात्रा इकडच्या तिकडे होतात. बोलून टाईप केलं असेल तर विरामचिन्हं हाताने घाला. एका वेळी एकाच अंकाला पाठवा, आणि फेसबुकवर टाकलेली कथा ‘अप्रकाशित’ म्हणून पाठवू नका. मानधनाची आशा माफक ठेवा.

प्रकाशकाला पैसे देऊ नका. आधी महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना पाहा, ती पहिल्या पुस्तकासाठीच आहे. तरीही कुठे सही करायची वेळ आली तर करारात मुदत लिहून घ्या. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्याप्रमाणे मुदत लिहिली नसेल तर हक्क पाच वर्षांसाठी दिला असं धरतात, आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. ‘कायमस्वरूपी, सर्व माध्यमांसाठी’ हे शब्द दिसले तर खोडायला सांगा, नाही खोडले तर निघून या. आणि ‘आयएसबीएन काढून देतो’ म्हणत वेगळी रक्कम लावणाऱ्याशी पुढे बोलूच नका. पुस्तकाचा तो ओळख क्रमांक भारतात फुकट मिळतो.