वीजखोली : छतावरचे किलोवॅट, बिलातले युनिट

(सदरलेखक सातारा आणि सांगली जिल्ह्यांत सरकारी इमारतींच्या विद्युत कामांवर नोकरी करून निवृत्त झाले आहेत. वाचकांच्या विनंतीवरून नावं छापलेली नाहीत.)

प्रश्न : मी खानापूर तालुक्यातल्या एका गावात ग्रामपंचायत अधिकारी आहे. मार्चअखेर कार्यालय, शाळा आणि आरोग्य उपकेंद्र सौरऊर्जेवर आलं पाहिजे, असं बैठकीत सांगितलंय. कार्यालयाचं बिल महिन्याला 180 युनिटच्या आसपास येतं. ठेकेदार म्हणतो, कार्यालयाच्या स्लॅबवर एकदम 10 किलोवॅट बसवा, उद्दिष्टही पुरं होईल आणि उरलेली वीज विकून पैसेही येतील. सरपंचांना कुणीतरी 78 हजारांचं अनुदान मिळेल असं सांगितलंय. उपकेंद्रातल्या सिस्टर म्हणतात, लाईट गेल्यावर चालणार असेल तरच बसवा. काय करू?

उत्तर : भाऊसाहेब, अनुदानाचा विषय आधी संपवू. ते 78 हजार फेब्रुवारी 2024 मध्ये आलेल्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेतले. तीन किलोवॅट किंवा त्याहून मोठ्या यंत्रणेला मिळतात, पण घरगुती ग्राहकाला. ग्रामपंचायत म्हणजे घर नव्हे. सरपंचांनी आपल्या वाड्यावर जरूर बसवावी. सरकारी इमारतीला पैसा उभा करायचे रस्ते दोन. ग्रामपंचायतीच्या निधीतून स्वतः विकत घ्या, नाहीतर कंपनी आपल्या खर्चानं बसवेल आणि तुम्ही तिला युनिटमागे ठरलेला दर द्याल. दुसऱ्या पद्धतीला ‘रेस्को’ म्हणतात. तुमच्याएवढ्या छोट्या छतासाठी रेस्कोवाले सहसा फिरकत नाहीत.

आता ठेकेदार. त्याला चहा पाजा आणि बारा महिन्यांची बिलं पुढ्यात ठेवा. महिन्याला 180, म्हणजे वर्षाला 2,160 युनिट. आपल्या भागात एक किलोवॅट वर्षाला साधारण 1,400 युनिट देतो. म्हणजे तुम्हाला दीड पुरतो, फार तर दोन. तो 10 सांगतोय, म्हणजे वर्षाला 14,000. उरलेल्या बारा हजारांचं काय? साध्या नेट मीटरमध्ये, म्हणजे घेतलेली आणि दिलेली वीज दोन्ही मोजणाऱ्या मीटरमध्ये, जादा वीज तुमच्या नावावर जमा होत राहते, पुढच्या महिन्यांच्या वापरातून वजा होते, आणि 31 मार्चला वही बंद होते. तेव्हा शिल्लक राहिलेल्या युनिटला मिळणारा भाव तुम्ही विजेला मोजता त्यापेक्षा बराच कमी असतो. शिवाय हा हिशेब त्या एकाच ग्राहक क्रमांकाचा. कार्यालयाच्या छतावर पिकलेल्या विजेनं शाळेचं बिल कमी होईल अशा भ्रमात राहू नका. मंजूर भाराचंही, म्हणजे तुमच्या जोडणीला मंजूर असलेल्या किलोवॅटचंही, बघा. तो दोन-तीन किलोवॅट असेल तर 10 ची यंत्रणा मुळात बसतच नाही. भार वाढवायचा अर्ज वेगळा, त्याचे पैसे वेगळे.

शाळेचं गणित मात्र वाटतं त्यापेक्षा बरं आहे. मे महिन्यात शाळा बंद आणि ऊन सगळ्यात कडक, म्हणून लोक म्हणतात वीज वाया जाईल. पण वही एप्रिलला उघडते. मेमधली जमा जूनपासून मार्चपर्यंत वापरायला मिळते. जमेचे नियम वीज नियामक आयोगाच्या आदेशानं बदलत असतात, तेव्हा आजचा नियम तुमच्या उपविभाग कार्यालयातून लेखी घ्या. तोंडी नको, ऑडिटला तोंडी चालत नाही.

सिस्टरांचं म्हणणं मी तुमच्या तिघांत सगळ्यात शहाणपणाचं समजतो. नेट मीटरवरची साधी यंत्रणा लाईट गेली की बंद पडते, भर दुपारीसुद्धा. हा दोष नाही, मुद्दाम केलेली सोय आहे. खांबावर चढलेल्या वायरमनला वाटतं लाईन मेली आहे, आणि तुमच्या छतावरून तीत वीज उतरली तर तो जिवानिशी जाईल. म्हणून उपकेंद्राला बॅटरीसह हायब्रीड इन्व्हर्टर मागा, म्हणजे लाईट गेल्यावरही पॅनेल आणि बॅटरीवर चालणारा. एस्टिमेटमध्ये ‘अत्यावश्यक सर्किट वेगळे काढणे’ ही ओळ लिहून घ्या. प्रसूतीच्या खोलीचे दिवे, एक पंखा, सक्शन मशिन, मोबाईल चार्जिंग, बस्स. बाळाचा वॉर्मर हीटरच असतो, तो बॅटरी बघता बघता पिऊन टाकतो. बॅटरीवर तो किती वेळ चालवायचाय ते सिस्टरांनाच विचारा आणि तेवढी बॅटरी घ्या. लसींचा फ्रीज प्राथमिक आरोग्य केंद्रात असतो, त्यामुळे तो खर्च तुमच्या माथी नाही.

छत स्वतः बघा. ठेकेदार मोबाईलवरचा नकाशा दाखवतो, तो पुरेसा नाही. एका किलोवॅटला शंभरेक चौरस फूट बिनसावलीची जागा लागते. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सकाळी नऊ, दुपारी बारा आणि तीनला स्लॅबवर जा आणि सावलीची कड खडूनं ओढा. त्या दिवसांत सूर्य दक्षिणेकडे सगळ्यात खाली असतो. पाण्याची टाकी पाच फूट उंच असेल तर तिची सावली भर दुपारीच चार फुटांच्या वर उत्तरेला जाते, सकाळ-संध्याकाळ त्याहून लांब. खडूच्या बाहेर पॅनेल लावा. पॅनेलं माळेत जोडलेली असतात. एकावर चिंचेची फांदी आली तर माळेतल्या बाकीच्यांनाही ती मागे ओढते. आषाढात उलटं होतं. आपल्याकडे सूर्य डोक्यावरून थोडा उत्तरेला सरकतो आणि दुपारची सावली दक्षिणेला पडते. तेव्हा उत्तरेचा जिना त्रास देतो, पण त्या दिवसांत ढगच इतके असतात की फारसं बिघडत नाही.

धुण्याचं कोण बघणार, हे आजच ठरवा. आपल्याकडे कारखान्यांची धुराडी दिवाळीनंतर पेटतात, आणि वारं तुमच्या बाजूला असेल तर बगॅसची, म्हणजे उसाच्या चिपाडाची, काळी राख वाळत घातलेल्या धोतरावर पडते तशीच काचेवर पडते. पाऊस नसतो, ऊन स्वच्छ असतं, नेमके तेच महिने. पंधरा दिवसांतून एकदा पहाटे धुवा, तापलेल्या काचेवर गार पाणी नको. बोअरचं पाणी क्षाराचं असेल तर धुऊन रबरी पट्टीनं निपटून काढा, नाहीतर पांढरे डाग बसतात आणि मग घासावं लागतं. छतावर नळ आहे का? शिडी आहे का? जिन्याच्या कुलपाची किल्ली कुणाकडे? ही हसण्यावारी न्यायची गोष्ट नाही. माझीच फजिती सांगतो.

मी ज्या सरकारी इमारतीत बसायचो तिथं 10 किलोवॅट बसवलं होतं. उद्घाटन झालं, फलक लागला. मे महिन्यात वळवाच्या पावसात वीज कडाडली आणि यंत्रणा बंद पडली. इन्व्हर्टर होता जिन्याखालच्या कुलूपबंद खोलीत, रद्दी आणि मोडक्या खुर्च्यांच्या मागे. दर महिन्याला वरच्या कार्यालयाला तक्ता जायचा : ‘सौर क्षमता 10 किलोवॅट, कार्यान्वित’. त्यावर सही माझी. डिसेंबरमध्ये बिलं फायलीला लावणारा लिपिक मला म्हणाला, “साहेब, हा निर्यात युनिटचा, म्हणजे आपण बाहेर दिलेल्या विजेचा, रकाना कायम शून्यच असतो का?” खोली उघडली तर पॅनेलांकडून येणाऱ्या तारांच्या डीसी पेटीतल्या सर्ज अरेस्टरची (विजेचा झटका जमिनीत सोडणाऱ्या उपकरणाची) खिडकी हिरव्याची लाल झालेली आणि एक फ्यूज उडालेला. दुरुस्तीला दुपार पुरली. रोजचे 35 युनिट धरले तरी सात महिन्यांत सात हजारांच्या वर युनिट गेले. आणि त्या वर्षी आमचं उद्दिष्ट शंभर टक्के पूर्ण झाल्याची नोंद आहे!

तेव्हा तक्त्यात किलोवॅट भरा, तो भरावाच लागतो. पण कार्यालयाच्या भिंतीवर दर महिन्याचा निर्मितीचा आकडा खडूनं लिहा. सूचना फलकावर पाणीपट्टीची थकबाकी लिहिता, त्याच्याच शेजारी. करारात पाच वर्षांची देखभाल आणि तीन वेगळ्या अर्थिंग लिहून घ्या, एसी, डीसी आणि वीजरोधकाची. खड्डे बुजवण्याआधी तिथं उभे राहा. बुजलेल्या खड्ड्यात तांबं आहे की नुसतीच माती, हे मोजमाप पुस्तिकेला, म्हणजे ठेकेदाराचं काम ज्यात नोंदतात त्या वहीला, कळत नाही.

प्रश्न : आम्ही पाटणचे. कोयना आमची, वनकुसवड्याच्या पवनचक्क्या आमच्या. मग आमच्या तालुक्यातल्या सरकारी कचेऱ्यांना वेगळे सौर कशाला? आम्ही तर आधीच हिरवी वीज वापरतो.

उत्तर : अभिमान रास्त आहे. कोयनेची क्षमता 1,960 मेगावॅट, आणि मार्च 2019 पासून मोठे जलविद्युत प्रकल्पही देशात नवीकरणीय धरले जातात. पण ती वीज ग्रीडमध्ये पडते, तुमच्या कचेरीच्या वायरमध्ये नाही. शिवाय वीजनिर्मितीसाठी पश्चिमेला सोडायच्या पाण्याला कृष्णा लवादानं वर्षाला 67.5 टीएमसीची मर्यादा घातलेली आहे. म्हणून ते पाणी संध्याकाळच्या ताणाला राखून वापरणं शहाणपणाचं. दुपारी छतानं कचेरी चालवली तर तेवढं पाणी धरणात राहतं असं समजा. तुमच्याच तालुक्यातलं मान्याचीवाडी 2024 मध्ये राज्यातलं पहिलं सौरग्राम झालं. कोयनेच्या इतक्या जवळ राहून त्यांनी छतावर पॅनेलं लावली. एक दिवस जाऊन बघून या.

प्रश्न : मी जिल्हा परिषद शाळेत मुख्याध्यापिका आहे, तालुका वाई. मुलांच्या चेंडूनं एका पॅनेलला तडा गेलाय. वीज तर येतेय. तसंच चालू ठेवू का?

उत्तर : बाई, नका ठेवू. तड्यातून पाणी शिरलं की सांगाड्यात वीज उतरू शकते. आणि एक लक्षात घ्या, मेन स्विच बंद केला तरी ऊन आहे तोवर माळेत चारशे व्होल्टच्या आसपास डीसी असतो. शिपायाला पुसायला वर पाठवू नका. आधी इन्व्हर्टर बंद करा, मग डीसी स्विच. देखभालवाल्याला फोन लावा आणि तो येईपर्यंत जिन्याला कुलूप घाला. फुटलेली काच वॉरंटीत बसत नाही, विमा काढला असेल तर दावा करा. मुलांना खेळायचं बंद करू नका, यष्ट्या मैदानाच्या दुसऱ्या टोकाला हलवा.