स्केलेटन सीएसएसची २०१४ नंतर नवी आवृत्तीच नाही, मग आमच्या मराठी साइटवरून ते काढून टाकावं का?

काढू नका. निदान 'मेलंय' एवढ्याच कारणासाठी तरी नकोच.

तुम्ही लिहिलंय की संस्थेची दहा-बारा पानांची मराठी साइट आहे, आधीच्या माणसाने ती स्केलेटनवर (म्हणजे पानाचं रूप ठरवणाऱ्या सीएसएस भाषेतल्या एका छोट्या तयार फाइलवर) बांधली, आणि नव्याने आलेला डेव्हलपर म्हणतोय की ज्यावर काम चालू आहे असं एखादं हलकं फ्रेमवर्क घेऊ. जावास्क्रिप्टच्या पॅकेजबद्दल तो असं बोलला असता तर मी लगेच मान डोलावली असती. तिथे वर्षानुवर्षं कोणी लक्ष दिलं नाही की सुरक्षेच्या फटी पडतात. नुसत्या सीएसएसचा हिशोब वेगळा आहे. (मी वाचनालयं, शाळा, एखादी पतपेढी अशांच्याच साइट सांभाळतो, त्यामुळे पुढचं सगळं त्या आकाराच्या कामापुरतं समजा.)

आधी ती फाइल उघडून बघाच. वरच्या कॉमेंटमध्ये डेव्ह गमाश यांचं नाव, आवृत्ती २.०.४ आणि २९ डिसेंबर २०१४ ही तारीख दिसेल. खाली जेमतेम चारशे ओळी. बारा स्तंभांची ग्रिड, मथळे, बटणं, फॉर्म, टेबल, आणि संपलं. सॅस (जिच्यातून सीएसएस तयार करून घ्यावं लागतं ती भाषा) नाही, जावास्क्रिप्ट नाही, बांधणीची पायरी नाही. २०१४ मध्ये ती ब्राउझरमध्ये जशी दिसत होती तशीच आजही दिसते, कारण ब्राउझरवाले जुनं सीएसएस मोडत नाहीत. ग्रिडच्या चौकटींमधलं अंतर ठरवणाऱ्या 'ग्रिड-गॅप'चं नाव बदलून नुसतं 'गॅप' केलं, तरी जुनं नाव आजही चालतं. सीएसएसचे नियम ठरवणाऱ्या गटाने तर स्वतःच्या चुकांची यादीच करून ठेवली आहे. बॉक्स-सायझिंगची (चौकटीचं माप कसं मोजायचं त्याची) मूळ किंमत बॉर्डर-बॉक्स (कड धरून मोजणं) असायला हवी होती, हे त्यात कबूल केलंय. पण दुरुस्त करत नाहीत, कारण मग लाखो जुनी पानं विस्कटतील.

खरं दुखणं बांधणीच्या हत्यारांत येतं. सॅसमध्ये लिहिलेली फ्रेमवर्कं बघा. सॅसचं सीएसएस करून देणारं लिबसॅस ऑक्टोबर २०२० मध्ये मोडीत काढलं गेलं, मग तिरप्या रेघेने भागाकार करायची पद्धतही मोडीत काढली, ऑक्टोबर २०२४ पासून एक फाइल दुसरीत ओढणाऱ्या 'इम्पोर्ट'लाही सूचना यायला लागल्या. दहा वर्षांपूर्वीचं सॅस आज बांधायला घ्या, टर्मिनल पिवळ्या इशाऱ्यांनी भरून जातं. स्केलेटनला हा ताप नाही, कारण बांधायलाच काही नाही.

आणि 'काम चालू आहे' म्हणजे तुमच्याही मागे काम लागलं, हे कोणी सांगत नाही. पिको घ्या. लुकास लारोश यांचं हे फ्रेमवर्क मला मनापासून आवडतं, नव्या कामाला मी तेच घेतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याची दुसरी आवृत्ती आली. रंगांचे वीस तयार साज आले, बाकीही बरंच सुधारलं. पण सगळ्या सीएसएस व्हेरिएबलांच्या नावापुढे 'पिको' हा उपसर्ग लागला. म्हणजे आधी 'प्रायमरी' लिहून रंग बदलला असेल, तर तो बदल गपचूप निकामी झाला. एरर नाही, काही नाही, नुसता रंग मूळपदावर. माझी एक दुपार त्यात गेली. हे वाईट काम आहे असं नाही, चालू कामाचं हे भाडं आहे. दहा पानांच्या साइटने ते भरावं का, हे ठरवा.

लहान फ्रेमवर्कं थांबतात त्यामागे बऱ्याचदा साधं कारण असतं: त्यांचं काम ब्राउझरनेच उचललं. स्केलेटनची ग्रिड फ्लोट (चौकटी बाजूला सरकवायची जुनी युक्ती) आणि टक्क्यांवर उभी आहे, कारण तेव्हा दुसरा धड पर्याय नव्हता. मार्च २०१७ मध्ये क्रोम, फायरफॉक्स आणि सफारी या तिघांत एकाच महिन्यात सीएसएस ग्रिड (स्तंभ मांडायची ब्राउझरचीच सोय) आली, आणि चारशेपैकी ग्रिडच्या ओळींची गरज तिथेच सरली. लेखक आळशी झाला म्हणून नव्हे.

आता तुमच्या साइटच्या खऱ्या दुखण्याकडे येतो. ते तुम्ही विचारलेलं नाही, पण मराठी साइट म्हटल्यावर ते असणारच.

स्केलेटनच्या बटणांना एक पिक्सेल लेटर-स्पेसिंग (अक्षरांमधली जादा जागा) आहे. इंग्रजी कॅपिटल अक्षरांत ते ऐटदार दिसतं. देवनागरीत शिरोरेषा तुटते. एका वाचनालयाच्या साइटवर मी 'सभासद व्हा' असं बटण तसंच ठेवलं होतं. ग्रंथपालबाईंनी चष्मा वर करून पाहिलं आणि म्हणाल्या, "पाटी रंगवणाऱ्याने असं केलं असतं तर त्याला पैसे दिले असते का आपण?" मी तोवर महिनाभर ते पान रोज बघत होतो. मथळ्यांत उलटं आहे: मोठ्या मथळ्यांना उणे एक पिक्सेल, त्यामुळे अक्षरं एकमेकांच्या अंगावर येतात. पहिल्या पातळीच्या मथळ्याची लाइन-हाइट (ओळीची उंची) १.२ आहे. मथळा दोन ओळींचा झाला की वरच्या ओळीतले उकार आणि खालच्या ओळीतले रफार-वेलांट्या भांडायला लागतात. बटणाचा मजकूर ११ पिक्सेल, उंची ३८ पिक्सेलला बांधलेली, वर 'ओळ मोडू नका' असा हुकूम. 'सभासदत्वाचा अर्ज डाउनलोड करा' यापेक्षा लांब मजकुराचं बटण छोट्या फोनवर पडद्याबाहेर जाऊ शकतं.

यातलं काहीही नव्या आवृत्तीने सुधारलं नसतं. मिलिग्रॅम हे असंच दुसरं छोटं फ्रेमवर्क बघा, त्याच्याही बटणांना तेच एक पिक्सेल आहे, शिवाय अख्ख्या बॉडीलाच (पानाच्या सगळ्या मजकुराला) लेटर-स्पेसिंग लावून ठेवलंय. आपल्या लिपीची दुरुस्ती आपल्यालाच करावी लागते, आणि ती चारशे ओळींत करणं दहा हजार ओळींत करण्यापेक्षा कितीतरी सोपं.

म्हणून मी असं करेन. सगळीकडचं लेटर-स्पेसिंग शून्य. मथळ्यांची लाइन-हाइट १.४ च्या आसपास, बॉडीची १.६ वरून १.७. बटणाची बांधलेली उंची काढून पॅडिंग द्यायचं, मजकूर १६ पिक्सेल, ओळ मोडायला मोकळीक. स्केलेटनमध्ये ठरवलेला रॅलवे हा फाँट काढून टाकायचा. त्यात देवनागरी नाहीच, त्यामुळे मराठी मजकूर प्रत्येक फोनवर त्या फोनच्या मर्जीच्या फाँटात दिसतो. त्याऐवजी मुंबईच्या 'एक टाइप' या फाँट बनवणाऱ्या संस्थेचा मुक्ता घ्या. तो मोफत आहे, आणि २०० ते ८०० पर्यंत वजनं (अक्षरांची जाडी) असल्याने स्केलेटनच्या ३०० वजनाच्या मथळ्यांनाही तो पुरतो. फक्त लागतील ती दोन-तीन वजनंच साइटवर ठेवा, सगळी नकोत.

दोन गोष्टी लिपीशी संबंध नसलेल्या, पण लाज वाटावी अशा. स्केलेटनचं मुख्य बटण फिकट निळं आणि त्यावर पांढरी अक्षरं. दोन रंगांतला हा उजेडाचा फरक (कॉन्ट्रास्ट) सुमारे २:१ भरतो, सुगम्यतेच्या निकषात साध्या मजकुराला ४.५:१ लागतो. संस्थेचे सभासद साठीच्या पुढचे असतील तर हे आजच बदला, गडद निळा घ्या. दुसरं, फोकस आल्यावर दिसणारी बाह्यरेषा त्यात काढून टाकलेली आहे. माउस बाजूला ठेवून नुसता टॅब दाबत फॉर्म भरून बघा, आपण कुठे आहोत ते बारीक रंगबदलावरून ओळखावं लागतं. 'फोकस-व्हिजिबल' वापरून दोन पिक्सेलची ठसठशीत रेषा परत आणा.

ग्रिडला हात लावू नका. फ्लोटची असली तरी चालतेय. एखादं पान नव्याने लिहाल तेव्हा त्यापुरती सीएसएस ग्रिड वापरा.

पिकोवर कधी जावं? रात्रीची गडद छटा हवी असेल, डायलॉग आणि मोठे फॉर्म येणार असतील, किंवा साइट मुळापासून नव्याने लिहिणारच असाल तेव्हा. गडद छटा स्केलेटनवर चढवायला बसलात तर चारशे ओळींच्या हजार होतील आणि तुमचा डेव्हलपर बरोबर ठरेल.

बदल करताना फाइल वेगळ्या नावाने ठेवा, म्हणजे पुढच्या माणसाला ती मूळ वाटणार नाही. वरची एमआयटी परवान्याची कॉमेंट मात्र पुसू नका, परवान्याची तेवढीच अट आहे. आणि मदत शोधताना जपून: आता स्व्हेल्ट या जावास्क्रिप्टच्या फ्रेमवर्कसाठी स्केलेटन नावाचंच दुसरं एक यूआय टूलकिट आहे. शोधात बऱ्याचदा तेच आधी वर येतं, आणि त्यातली उत्तरं तुमच्या फाइलला लागू पडणार नाहीत.