वाचक विचारतात : अस्सल चित्रण की नंतर उभारलेला प्रसंग?

प्रश्न : माहितीपटांतली जुनी कृष्णधवल दृश्यं त्या काळी, त्या जागी टिपलेली आहेत की नंतर घडवलेली, हे कसं ओळखायचं?

उत्तर : आधी कॅमेरा कुठे उभा आहे ते पाहा. सैनिक खंदकातून बाहेर झेपावतायत आणि कॅमेरा खंदकाबाहेर, शत्रूकडे पाठ करून त्यांना समोरून टिपतोय, तर संशय घ्यावाच. खऱ्या चढाईत तिथे कॅमेरामन टिकला नसता. पहिल्या महायुद्धावरच्या, १९१६च्या 'द बॅटल ऑफ द सॉम' या ब्रिटिश माहितीपटातली चढाईची प्रसिद्ध दृश्यं आघाडीमागे मुद्दाम घडवलेली होती. खंदक उथळ आणि सैनिकांच्या पाठीवर ओझं नाही, यावरून अभ्यासकांना ते कळलं. त्याच माहितीपटातले जखमी मात्र खरे आहेत. एका दृश्यावरून सगळं खोटं ठरवू नका.

दुसरी खूण संकलनाची. एकच कृती दोन-तीन कोनांतून सलग दिसली, की बहुधा ती पुन्हा करवून घेतलेली असते. रशियन क्रांतीतल्या, १९१७च्या हिवाळी राजवाड्यावरच्या हल्ल्याचं म्हणून दाखवतात ते चित्रण अनेकदा सोव्हिएत दिग्दर्शक आयझेन्स्टाइनच्या 'ऑक्टोबर' या, दहा वर्षांनी चित्रित झालेल्या कथापटातलं असतं.

ओरखडे, धूसरपणा यांवर मुळीच विसंबू नका, ते संगणकावर सहज घालता येतात. मूकपटाच्या काळातल्या चित्रणाला बंदुकीचे आवाज असतील, तर ते नक्कीच नंतर जोडलेले.