हुंडणावळ पेन्समध्ये कशी?

सांगलीच्या मार्केट यार्डात आडत दुकानावर हिशेब लिहिणाऱ्या एका वाचकांची शंका आहे. हुंडी (अमुक रक्कम अमक्याला द्यावी अशी परगावच्या पेढीवर लिहिलेली चिठ्ठी) वटवताना पेढी जी रक्कम कापून घेते ती हुंडणावळ, असं ते घरात ऐकत आले. पण शंभरेक वर्षांपूर्वीच्या एका मराठी लेखात त्यांना ‘हुंडणावळीचा दर १६ पेन्स’ असं वाचायला मिळालं. कापून घ्यायची रक्कम पेन्समध्ये कशी, आणि तीही इतकी ठरलेली, असं ते विचारतात.

तुमच्या घरातला अर्थ मूळचाच आहे. दळणावळ म्हणजे दळण्याचे पैसे, शिवणावळ म्हणजे शिवण्याचे, घडणावळ म्हणजे सोनाराची मजुरी. हुंडणावळ त्याच घरातली: हुंडी करून पैसे परगावी पोचवण्याचा मोबदला. (दळणवळण मात्र या कुळातलं नाही, त्याची गल्लत करू नये.) खाणावळ हाही आधी जेवणाच्या पैशांचा शब्द, मग तो जेवणाच्या जागेला चिकटला. हुंडणावळीचा अर्थही असाच सरकला.

पण मजुरीवरून थेट दरावर उडी पडली असं नाही. हुंडणावळ ही शिवणावळीसारखी ठरीव कधीच नव्हती. सांगलीहून गूळ, हळद मुंबईकडे गेली की इथल्या व्यापाऱ्यांचं मुंबईत येणं साठतं. सगळेच मुंबईवरच्या हुंड्या विकायला काढतात, आणि शंभराची हुंडी शंभराच्या आत मिळते. कापड-किराणा भरायच्या दिवसांत उलट होतं, मुंबईवरच्या हुंडीला मागणी येते आणि वर पैसे मोजावे लागतात. त्यात नाणीही नाना तऱ्हेची, त्यामुळे बट्टा, म्हणजे एक नाणं दुसऱ्यात बदलताना होणारी कपात, निराळा. १८३५ मध्ये कंपनीने १८० ग्रेन वजनाचा एकच रुपया आणला, तेव्हा बट्ट्याची कटकट हळूहळू कमी झाली. चढउतार मात्र राहिला. म्हणजे एका गावच्या पैशाची दुसऱ्या गावी काय किंमत, हे सांगणारा आकडा या शब्दात आधीपासूनच होता. दुसरं गाव लंडन झालं, तेव्हा तो आकडा पेन्समध्ये मांडावा लागला.

आणि लंडनवरचा व्यवहारही खरोखर हुंडीचाच होता. हिंदुस्थान सरकारला दरवर्षी विलायतेत मोठी रक्कम पौंडांत भरावी लागे. तिला होम चार्जेस म्हणत. त्यात रेल्वेचं आणि कर्जांचं व्याज होतं, निवृत्त गोऱ्या अधिकाऱ्यांची पेन्शनं होती, लष्करी सामान होतं, लंडनच्या इंडिया ऑफिसचा खर्चसुद्धा होता. १८५७ चा उठाव मोडायला आलेला खर्चही हिंदुस्थानच्याच कर्जात धरला गेला. रेल्वेचं व्याज हे घेतलेल्या पैशाचं व्याज होतं हे मान्य करायला हवं, पण बाकीच्या पुष्कळ बाबी राज्यकर्त्यांनी स्वतःच्या कारभाराचं बिल रयतेच्या नावावर टाकण्याच्या होत्या.

हे पैसे लंडनला जात कसे? रुपयांच्या थैल्या बोटीत घालून नव्हे. भारतमंत्री, म्हणजे हिंदुस्थानचा कारभार पाहणारे ब्रिटिश मंत्री, लंडनमध्ये ‘कौन्सिल बिलं’ विकायला काढत, बँक ऑफ इंग्लंडमध्ये, बुधवारी. लिव्हरपूलच्या व्यापाऱ्याला मुंबईच्या कापसाचे पैसे चुकते करायचे असले की तो, बहुधा आपल्या बँकेमार्फत, पौंड भरून असं बिल घेई. बिल मुंबईला येई आणि इथला सरकारी खजिना त्यावर रुपये देई. भारतमंत्र्यांनी लंडनमधून मुंबईवर लिहिलेली ही हुंडीच. पौंड लंडनमध्येच राहिले, होम चार्जेस तिथल्या तिथे भागले. मुंबईच्या खजिन्यातून दिलेले रुपये मात्र शेतसारा, मिठावरचा कर, जकात यांतून आलेले. म्हणजे शेतकऱ्याने पिकवलेल्या कापसाची किंमत रयतेच्याच करांतून चुकती होत होती. सांगलीने मुंबईवर हुंडी लिहिली की मुंबईचीही कधीतरी सांगलीवर येते आणि खाती मिटतात. इथे तशी परतफेड नव्हती. दादाभाई नौरोजी ज्याला संपत्तीचा ओघ म्हणत होते, त्याचं वाहन हे होतं.

हा ओघ किती मोठा, हे हुंडणावळीवर ठरायचं. पौंडाचे २० शिलिंग, म्हणजे २४० पेन्स; रुपया २४ पेन्सचा असेल तर एका पौंडाला १० रुपये लागत, १५ पेन्सचा असेल तर १६. जर्मनीसारखे देश सोन्याकडे वळले, खाणींतून चांदी भरमसाट निघू लागली आणि १८७० नंतर चांदीचा रुपया घसरत १८९३-९४ पर्यंत १५ पेन्सच्याही खाली आला. देणं पौंडांत, वसुली रुपयांत. तेवढ्याच पौंडांसाठी जास्त रुपये रयतेकडून काढावे लागले.

मग १८९३ मध्ये सरकारने टाकसाळी लोकांसाठी बंद केल्या. तोवर कोणीही चांदी नेऊन रुपये पाडून घेऊ शके. रुपया तोळाभर वजनाचा, म्हणून बाईच्या पायातल्या तोड्यांची किंमत साधारण त्यांच्या वजनाएवढे रुपये. टाकसाळ बंद झाल्यावर रुपया महाग झाला आणि चांदी मागे पडली. १८९६-९७ च्या दुष्काळात माण-खटावच्या बायाबापड्यांनी अंगावरचं मोडायला काढलं, तेव्हा तोळ्याला रुपया मिळेना. मला या सगळ्या इतिहासात हीच गोष्ट सर्वांत जास्त टोचते. हुंडणावळ हा शब्द ज्यांनी कधी ऐकला नसेल त्यांनी तिची किंमत अशी भरली.

तुम्ही वाचलेला १६ पेन्सचा दर १८९९ मध्ये पक्का झाला: पौंडाला १५ रुपये. रुपयाचे १६ आणे, त्यामुळे आणा बरोबर एका पेनीचा. १९२६ मध्ये हिंदुस्थानच्या चलनाचा विचार करायला नेमलेल्या हिल्टन यंग कमिशनने १८ पेन्सची शिफारस केली आणि पुढल्या वर्षी तसा कायदा झाला. म्हणजे पौंडाला १३ रुपये ५ आणे ४ पै झाले. परदेशी जाणाऱ्या मालाला बाहेरचा भाव तोच राहिला तरी हातात रुपये कमी, सारा मात्र रुपयांत ठरलेला. मुंबईचे व्यापारी पुरुषोत्तमदास ठाकुरदास यांनी १६ पेन्सचा आग्रह धरून याच कमिशनमध्ये विरोधी मत नोंदवलं.

या कमिशनपुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरही साक्ष द्यायला गेले होते. रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा प्रबंध १९२३ मध्ये लंडनला प्रसिद्ध झाला. पौंडाशी रुपयाचं नातं स्थिर ठेवण्यापेक्षा देशात रुपयाची खरेदीशक्ती स्थिर राहणं महत्त्वाचं, आणि रुपये पाडायची सरकारची मोकळीक आवळली पाहिजे, असं ते मांडत होते.

जुना मजकूर वाचताना एवढं पाहा: शेकड्याला रुपये-आणे असतील तर हुंडणावळ म्हणजे पेढीचा मोबदला, शिलिंग-पेन्स असतील तर विनिमय दर. ‘हुंडणावळ उतरली’ असं दिसलं तर तिथे मोबदला कमी झाला असं समजू नका, रुपयाला पेन्स कमी मिळू लागले असा त्याचा अर्थ.